शिकणे महाविद्यालयात, पदवी विद्यापीठाची

लेखमाला : विद्यापीठांची घडण
लेखांक ४ : मुंबई विद्यापीठातील पदवीचा विद्यार्थी

मुंबई विद्यापीठाचा पदवीचा विद्यार्थी सहसा विद्यापीठाच्या आवारात शिकत नाही. त्याचा वर्ग दादरला, डोंबिवलीला, पनवेलला, चिपळूणला किंवा सावंतवाडीला असतो. फी तो महाविद्यालयाच्या खिडकीवर भरतो, हजेरी तिथलेच प्राध्यापक घेतात, ओळखपत्रावर नाव महाविद्यालयाचे असते. विद्यापीठ मात्र त्याने काय शिकायचे, परीक्षा कशी द्यायची आणि कधी पास व्हायचे हे ठरवते आणि शेवटी पदवी देते. मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशा सात जिल्ह्यांतील आठशेहून अधिक महाविद्यालये या पद्धतीने विद्यापीठाशी संलग्न आहेत. प्रवेश, अभ्यासक्रम, परीक्षा, निकाल या प्रत्येक टप्प्यावर कामाची ही वाटणी दिसते, आणि विद्यार्थ्यांच्या बहुतेक अडचणींचा उगमही तिच्यातच सापडतो.

परीक्षा घेणारी संस्था

१८५७ साली कोलकाता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. मुंबईचे विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी कायद्याने अस्तित्वात आले. तिन्हींपुढे नमुना लंडन विद्यापीठाचा होता. शिकवायचे महाविद्यालयांनी, विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. त्यामुळे सुरुवातीच्या काळात मुंबई विद्यापीठाला स्वतःचे वर्ग नव्हते, की स्वतःचे प्राध्यापक नव्हते. पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ मध्ये झाली. १८६२ मध्ये बी.ए.चे पहिले चार पदवीधर बाहेर पडले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. चौघेही एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे विद्यार्थी होते.

फोर्टमधला दीक्षान्त सभागृहाचा इमारतसमूह उभा राहिला तो यानंतर. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी आराखडा केलेले सर कावसजी जहांगीर सभागृह १८७४ मध्ये आणि प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून बांधलेला, ग्रंथालयावरचा राजाबाई मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला. पदवीदानाचे सभागृह आणि ग्रंथालय या विद्यापीठाच्या पहिल्या मोठ्या वास्तू होत्या. वर्गखोल्यांची त्याला गरजच नव्हती.

नुसती परीक्षा घ्यायची असल्याने विद्यापीठाचा पसारा फार दूरवर जाऊ शकला. राजकोटला शिकलेल्या मोहनदास गांधी यांनी १८८७ मध्ये मॅट्रिक दिली ती मुंबई विद्यापीठाची, अहमदाबादच्या केंद्रावर. सिंध, गुजरात, उत्तर कर्नाटक, पुणे असा तेव्हाचा सारा मुंबई इलाखा एकाच विद्यापीठाच्या परीक्षांना बसे. पुढे एकेक प्रदेश वेगळा झाला. १९४७ मध्ये सिंध विद्यापीठ झाले, १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झाले आणि त्याच सुमारास गुजरात व कर्नाटकातही स्वतंत्र विद्यापीठे आली. गोवा मुक्त झाल्यावर तिथली महाविद्यालये मुंबईशी जोडली गेली होती आणि पणजीला मुंबई विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्रही होते. १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ सुरू झाल्यावर तो दुवा संपला. आज उरलेली हद्द डहाणूपासून दोडामार्गापर्यंतच्या कोकणपट्टीची आहे.

प्रवेश

बारावीचा निकाल लागला की पहिली धावपळ सुरू होते. विद्यार्थ्याने आधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रवेशपूर्व नोंदणी करायची, मग हव्या त्या महाविद्यालयांत स्वतंत्र अर्ज भरायचे. महाविद्यालये गुणवत्ता याद्या लावतात. पहिली, दुसरी, तिसरी अशा याद्यांमधून ‘कट-ऑफ’ हळूहळू खाली येतो. ज्या संस्थेत अकरावी-बारावी झाली तिथे ‘इन-हाऊस’ म्हणून अग्रक्रम मिळतो. शासनाच्या नियमाप्रमाणे राखीव जागा असतात, आणि अल्पसंख्याक संस्थांमध्ये त्या त्या समाजासाठीच्या जागा वेगळ्या असतात. अभियांत्रिकी, विधी, औषधनिर्माण यांसारख्या व्यावसायिक शाखांचे प्रवेश राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षेतून होतात. तिथे विद्यापीठाचा संबंध प्रवेशानंतर येतो.

प्रवेश घेताना विद्यार्थी एक निवड करतो, जिचा परिणाम पुढे तीन वर्षे खिशावर होतो. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. हे पारंपरिक अभ्यासक्रम बहुधा अनुदानित असतात. प्राध्यापकांचा पगार शासन देते आणि फी कमी राहते. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून वाढलेले व्यवस्थापन, लेखा व वित्त, माहिती तंत्रज्ञान, माध्यम अशा विषयांचे पदवी अभ्यासक्रम विनाअनुदानित, म्हणजे ‘सेल्फ फायनान्स’ आहेत. एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर दोन वर्ग भरतात आणि त्यांच्या फीमध्ये कित्येक पटींचा फरक असतो. शिष्यवृत्ती आणि फीसवलतीचे अर्ज ‘महाडीबीटी’ या शासकीय संकेतस्थळावरून जातात. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. २०२४-२५ पासून आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ झाले. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते या कागदांची जमवाजमव त्यामुळे जून-जुलैच्या दिवसांचा भाग बनली आहे.

प्रवेश पक्का झाला की विद्यापीठाकडून कायम नोंदणी क्रमांक मिळतो. या ‘पीआरएन’वरच विद्यापीठ विद्यार्थ्याला ओळखते. वर्गातला रोल नंबर महाविद्यालयाचा, परीक्षेचा सीट नंबर दर सत्राला नवा, पीआरएन मात्र पदवी हातात पडेपर्यंत तोच.

सत्र आणि श्रेयांक

वर्षाची दोन सत्रे असतात : पहिले जूनपासून दिवाळीपर्यंत, दुसरे तिथून उन्हाळ्यापर्यंत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अपेक्षेप्रमाणे प्रत्येक सत्रात अध्यापनाचे ९० दिवस भरले पाहिजेत. गणपती, नवरात्र, निवडणुकीची कामे आणि पावसात बंद पडणाऱ्या लोकल यांतून ते भरणे ही महाविद्यालयांची दरवर्षीची कसरत असते.

मुंबईत महाविद्यालयाची वेळ इमारतीवर ठरते. बऱ्याच ठिकाणी एकाच वास्तूत कनिष्ठ आणि वरिष्ठ महाविद्यालय चालते. म्हणून पदवीचे, त्यातही वाणिज्य शाखेचे वर्ग सकाळी सातच्या आसपास सुरू होतात आणि दुपारी त्याच बाकांवर अकरावी-बारावीची मुले बसतात. सकाळची वेळ अनेकांच्या पथ्यावर पडते. कोणी त्यानंतर सीएची आर्टिकलशिप करतो, कोणी क्लासमध्ये शिकवतो, कोणी दुकानात उभा राहतो. बदलापूर किंवा विरारहून येणाऱ्याला मात्र सातच्या तासासाठी पाचच्या आसपासची गाडी धरावी लागते. रेल्वेच्या सवलतीच्या पाससाठी महाविद्यालयाच्या कार्यालयातून ‘कन्सेशन’ची चिठ्ठी आणायची, तिच्यावर शिक्का आहे ना ते पाहायचे आणि मुदत संपण्याआधी तिकीट खिडकी गाठायची, हे बहुतेकांच्या विद्यार्थिदशेतले ठरलेले काम आहे.

हजेरी ७५ टक्के लागते. सत्र संपत आले की ती न भरलेल्यांची ‘डिफॉल्टर लिस्ट’ फलकावर लागते. मग पालकांना बोलावणे, वैद्यकीय दाखला, लेखी हमी असे सोपस्कार होतात. विज्ञान शाखेत प्रात्यक्षिकाचे जर्नल प्राध्यापकांच्या सहीने प्रमाणित झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. सत्राच्या शेवटच्या आठवड्यात प्रयोगशाळेबाहेर जर्नले पूर्ण करत बसलेली मुले म्हणूनच दिसतात.

अभ्यासक्रमाची मांडणी राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर बरीच बदलली. विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांत आणि स्वायत्त महाविद्यालयांत ही रचना आधी आली. संलग्न महाविद्यालयांत ती २०२४-२५ पासून लागू झाली. तिचे एकक श्रेयांक, म्हणजे ‘क्रेडिट’. व्याख्यानांचे १५ तास म्हणजे एक श्रेयांक, प्रात्यक्षिकांचे ३० तास म्हणजे एक श्रेयांक. सत्राला साधारण २२ श्रेयांक धरले की तीन वर्षांच्या पदवीचे १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीचे १७६ होतात.

हे २२ श्रेयांक एकाच विषयात मिळवता येत नाहीत. मुख्य विषय ‘मेजर’ आणि त्याच्या जोडीचा ‘मायनर’ असतो. त्याशिवाय दुसऱ्या विद्याशाखेतला एखादा ‘ओपन इलेक्टिव्ह’, व्यावसायिक कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, क्रीडा किंवा सांस्कृतिक उपक्रम, क्षेत्रीय प्रकल्प आणि ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ असे वेगवेगळे कप्पे भरावे लागतात. चार श्रेयांकांचे प्रशिक्षण म्हणजे प्रत्यक्ष कामाचे १२० तास. कागदावर इतिहासाचा विद्यार्थी वाणिज्यातला विषय घेऊ शकतो. प्रत्यक्षात तो विषय शिकवायला महाविद्यालयात प्राध्यापक आहे का आणि वेळापत्रकात ती खोली मोकळी आहे का, यावर निवड ठरते. अनेक शाखा असलेल्या मोठ्या महाविद्यालयात पर्याय खरे असतात. एकाच शाखेच्या लहान महाविद्यालयात ते दोन-तीन विषयांपुरते उरतात. अभ्यासक्रम विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने सगळ्यांसाठी सारखा केला, तरी शिकवण्याची साधने प्रत्येक महाविद्यालयाची आपापली असल्याने हा फरक पडतो.

मिळालेले श्रेयांक ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये विद्यार्थ्याच्या नावे जमा होतात. पहिल्या वर्षानंतर ठरावीक अतिरिक्त श्रेयांक पुरे करून प्रमाणपत्र घेऊन थांबता येते, दुसऱ्या वर्षानंतर पदविका मिळते आणि पुढे परत येऊन शिक्षण पुरे करता येते. घरच्या परिस्थितीमुळे मध्येच शिक्षण सोडणाऱ्याच्या हातात पूर्वी फक्त पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षाची, म्हणजे एफवाय किंवा एसवायची गुणपत्रिका राहत असे; आता त्या वर्षांना नाव असलेला दाखला मिळतो.

परीक्षा

शंभर गुणांच्या विषयात साधारणपणे ४० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे आणि ६० सत्रान्त लेखी परीक्षेचे असतात. अंतर्गत गुणांत चाचणी, प्रकल्प, सादरीकरण यांचा समावेश असतो. हे गुण शिकवणाराच देत असल्याने विद्यार्थी तिथे बहुधा निर्धास्त असतो. खरी धास्ती लेखी पेपरची.

पारंपरिक अभ्यासक्रमांत पहिल्या दोन वर्षांच्या परीक्षा महाविद्यालये विद्यापीठाच्या वतीने घेत आली आहेत. पेपर काढणे, तपासणे, निकाल लावणे सारे तिथेच होते. तिसऱ्या वर्षाच्या, म्हणजे टीवायच्या परीक्षा विद्यापीठ स्वतः घेते. चार सत्रे ओळखीच्या हातांनी तपासलेले पेपर पाचव्या सत्रापासून अनोळखी परीक्षकाकडे जातात.

विद्यापीठाच्या परीक्षेत केंद्रावर मुख्य जबाबदारी ‘चीफ कंडक्टर’ची असते. प्रश्नपत्रिका छापील गठ्ठ्यांत येत नाही. पेपरच्या काही वेळ आधी ती सुरक्षित संगणकीय प्रणालीतून केंद्राला मिळते आणि कार्यालयात लगबगीने तिच्या प्रती काढल्या जातात. वर्गाला परीक्षेपुरते ‘ब्लॉक’ म्हणतात. ब्लॉकमध्ये पर्यवेक्षक हॉलतिकीट आणि ओळखपत्र ताडून पाहतो, उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावरचा सीट नंबर अंकांत आणि अक्षरांत बरोबर लिहिला आहे का ते बघतो आणि मग सही करतो. तिथे एक अंक चुकला तर निकाल राखून ठेवला जातो आणि पुढचे काही आठवडे परीक्षा भवनाच्या वाऱ्या कराव्या लागतात. जोडलेल्या पुरवण्यांची संख्याही पहिल्या पानावर लिहायची असते, कारण हरवलेली पुरवणी शोधताना तोच एक पुरावा असतो.

परीक्षांचा कारभार सांताक्रूझजवळच्या कलिन्यातील महात्मा ज्योतिराव फुले भवनातून, म्हणजेच परीक्षा भवनातून चालतो. उत्तरपत्रिका तपासायला शिक्षक ठरवून दिलेल्या मूल्यांकन केंद्रावर जमतात. बोलीभाषेत ‘कॅपला जाणे’ ते हेच. तपासलेल्यांपैकी काही उत्तरपत्रिका नियामक पुन्हा पाहतो.

निकाल आणि केटी

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, आणि काही झाले तरी ४५ दिवसांच्या आत निकाल लागला पाहिजे. ही मुदत पाळणे किती अवघड आहे ते २०१७ मध्ये दिसले. विद्यापीठाने त्या उन्हाळ्यात सर्व उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत एकदम लागू केली. १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या आणि शिक्षकांनी त्या पडद्यावर वाचून गुण द्यायचे, असे ठरले. स्कॅनिंगला उशीर झाला, शिक्षकांना सराव नव्हता, काही उत्तरपत्रिकांची अदलाबदल झाली. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली आणि निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले. परदेशात किंवा अन्य विद्यापीठांत पदव्युत्तर प्रवेश घेऊ पाहणाऱ्यांचे त्यात नुकसान झाले. ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. पडद्यावरची तपासणी मात्र पुढेही चालू राहिली आणि सरावाची झाली. शिकवणे शेकडो महाविद्यालयांत विभागलेले असले तरी तपासणीचा सारा भार एकाच भवनावर येतो. तिथे एक कडी निसटली की सातही जिल्हे थांबतात.

निकाल दहा गुणांकांच्या श्रेणीत लागतो. ‘ओ’ श्रेणीला १० गुणांक, नापासाला शून्य. सत्राची सरासरी ‘एसजीपीए’ आणि सगळ्या सत्रांची मिळून ‘सीजीपीए’. एखाद्या विषयात ४० टक्के मिळाले नाहीत तर ‘केटी लागते’. राहिलेला विषय मागे ठेवून पुढच्या वर्षात बसण्याची मुभा ‘एटीकेटी’मुळे मिळते. किती विषय राहिले तरी चालते ते अभ्यासक्रमागणिक ठरते. तिसऱ्या वर्षात पाऊल टाकताना पहिले वर्ष पूर्ण सुटलेले असावे, ही अट सर्वसाधारण आहे. एटीकेटीमुळे वर्ष वाचते, पण पुढच्या सत्रात चालू विषय आणि जुना विषय यांचे पेपर एकाच पंधरवड्यात येतात. केटी सुटली नाही तर सहावे सत्र पास होऊनही पदवी अडते.

गुणांबद्दल शंका असेल तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते आणि पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज करता येतो. दोन्हीला फी आणि मुदत असते. पुनर्मूल्यांकनाचा निकाल येण्याआधी पुढच्या केटी परीक्षेचा अर्ज भरण्याची तारीख संपत असेल तर शहाणा विद्यार्थी दोन्ही अर्ज भरून ठेवतो.

वर्गाबाहेर

संलग्न महाविद्यालयांतल्या मुलांना विद्यापीठ म्हणून एकत्र आणणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत. त्यांत युवा महोत्सव ठळक आहे. एकांकिका, मूकाभिनय, लोकनृत्य, वक्तृत्व, समूहगान अशा स्पर्धांच्या आधी विभागवार फेऱ्या आणि मग अंतिम फेरी होते. तिथून निवडलेला संघ राज्यातल्या विद्यापीठांच्या ‘इंद्रधनुष्य’ महोत्सवाला जातो. खेळांसाठी ‘अश्वमेध’ आणि संशोधनासाठी ‘आविष्कार’ अशीच आंतरविद्यापीठ व्यासपीठे आहेत. इंडियन नॅशनल थिएटरच्या (आयएनटी) आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेसाठी जुलै-ऑगस्टमध्ये रिकाम्या वर्गात रात्रीपर्यंत तालमी चालतात. मराठी रंगभूमीला आणि मालिकांना या तालमींनी कलावंत पुरवले आहेत. सेंट झेवियर्सचा ‘मल्हार’ यांसारखे महाविद्यालयांचे स्वतःचे महोत्सव तर प्रायोजक मिळवण्यापासून हिशेब देण्यापर्यंत मुलेच चालवतात.

राष्ट्रीय सेवा योजना (एनएसएस) १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी देशातल्या ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तिच्यात दोन वर्षांत २४० तासांची सेवा आणि दत्तक गावात सात दिवसांचे निवासी शिबिर असते. एनएसएस, एनसीसी किंवा खेळातल्या सहभागासाठी मिळणारे वाढीव दहा गुण कित्येकांना पहिल्यांदा या उपक्रमांकडे खेचतात. बंधारा बांधून शिबिराहून परतलेली मुले पुढच्या वर्षी गुणांचा हिशेब न करता नाव देतात.

विद्यार्थी संघटनांचे राजकारण मात्र क्षीण झाले आहे. हिंसाचारामुळे महाविद्यालयीन थेट निवडणुका थांबल्या आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर विद्यार्थी परिषदा गुणवत्तेवर नेमल्या जाऊ लागल्या. २०१६ च्या अधिनियमात निवडणुकांची तरतूद परत आली, पण प्रत्यक्ष मतदान पुढे ढकलले जात राहिले.

कलिना, स्वायत्तता आणि पदवी

विद्यापीठात खऱ्या अर्थाने शिकण्याची सोय पदव्युत्तर पातळीवर आहे. १९०४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यापीठांना अध्यापनाचा अधिकार मिळाला. १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्यामागोमाग अर्थशास्त्राचा. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी पुढे समाजशास्त्र विभाग नावारूपाला आणला. आज बहुतेक विभाग सांताक्रूझजवळच्या कलिना येथील विद्यानगरीत आहेत. एम.ए.ला कलिन्यात आलेल्या विद्यार्थ्याला पहिल्यांदाच जवाहरलाल नेहरू ग्रंथालय, विभागातली चर्चासत्रे आणि आपल्या वर्गात शिकवणारेच आपला पेपरही काढतात अशी व्यवस्था भेटते. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी १९७१ मध्ये सुरू झालेले दूरशिक्षण केंद्रही याच आवारातून चालते.

पदवी पातळीवरचे जुने नाते स्वायत्ततेमुळे सैल होत आहे. सेंट झेवियर्स महाविद्यालयाला २०१० मध्ये स्वायत्तता मिळाली. नंतर अनेक महाविद्यालये त्या वाटेने गेली. स्वायत्त महाविद्यालय स्वतःचा अभ्यासक्रम आखते, परीक्षा घेते, निकाल लावते. पदवीवर नाव विद्यापीठाचेच राहते. काही महाविद्यालये तर विद्यापीठाबाहेरच पडली. २०१९ मध्ये एल्फिन्स्टन, सिडनहॅम आणि विज्ञान संस्था यांना एकत्र करून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ झाले. पहिले चार पदवीधर देणारे महाविद्यालय आता मुंबई विद्यापीठाचे नाही. स्वायत्ततेमुळे परीक्षा भवनावरचा भार हलका होतो आणि निकाल लवकर लागतो. पण सावंतवाडी आणि चर्चगेटच्या विद्यार्थ्याची परीक्षा एकाच मापाने होण्याची हमीही त्याबरोबर कमी होते.

सहा सत्रे आणि सगळ्या केटी सुटल्या की पदवी प्रमाणपत्र तयार होते. मुख्य दीक्षान्त समारंभ फोर्टच्या सर कावसजी जहांगीर सभागृहात होतो, पण बहुसंख्य पदवीधर प्रमाणपत्र आपापल्या महाविद्यालयाच्या समारंभात घेतात. त्यानंतर पदवीधर म्हणून नाव नोंदवले तर अधिसभेच्या, म्हणजे सिनेटच्या निवडणुकीत मत देता येते. नोंदणीकृत पदवीधरांचे १० प्रतिनिधी तिथे निवडून जातात आणि अर्थसंकल्पावर व परीक्षांच्या कारभारावर प्रश्न विचारतात. संलग्न महाविद्यालयातून आलेल्या व्यक्तीला विद्यापीठाच्या कारभारात थेट मत मिळते ते असे, पदवी घेऊन बाहेर पडल्यावर.

(पुढील लेखांक : अधिसभा, विद्या परिषद आणि अभ्यास मंडळे)